स्तन काढायचं ठरलंय, रेडिएशनही लागेल: मग पुनर्रचना कधी करायची?

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरातली चक्रं भराभर फिरू लागतात. पुण्याहून नणंद कधी येणार, मुलाची परीक्षा कधी संपते, डबा कोण पोचवणार, आयुष्मान कार्ड चालेल का. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत, मग ते रामबागेतलं असो की राजेंद्रनगरमधलं, ही सगळी सोय दोन दिवसांत लागते. मागे राहतो तो एकच प्रश्न, आणि नेमका तोच ऑपरेशनच्या आधी विचारायचा असतो: कॅन्सरसाठी स्तन काढल्यावर रेडिएशन लागणार आहे का? पुनर्रचना, म्हणजे नवा स्तन घडवणं, लगेच करायची की नंतर, इम्प्लांटनं (आत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशवीनं) की स्वतःच्या पोटाच्या मांसानं, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. उत्तर हाती नसताना घेतलेला निर्णय पुढे वर्षभर त्रास देऊ शकतो.

मी डॉक्टर नाही. पेशंटबरोबर फाइल घेऊन ओपीडीत बसणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे इथे औषधं सुचवलेली नाहीत. कोणता प्रश्न कुणाला आणि कधी विचारायचा, तेवढं लिहिलं आहे.

रेडिएशनचं उत्तर आधी काढा

पूर्ण स्तन काढला म्हणजे रेडिएशन टळलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. काखेतल्या चार किंवा अधिक गाठींमध्ये कॅन्सर सापडला, मूळ गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, किंवा रोग त्वचेपर्यंत वा छातीच्या भिंतीपर्यंत पोचला असला, तर स्तन काढल्यावरही छातीला आणि काखेला-गळ्याजवळच्या भागाला रेडिएशन देतात. काखेतल्या एक ते तीन गाठींत कॅन्सर निघाला तर मामला मधला असतो. वय, कॅन्सरचा प्रकार, गाठीचा आकार असं सगळं बघून ठरवतात, आणि दोन चांगल्या डॉक्टरांचं मत इथे वेगळं पडू शकतं.

आपल्याकडे बऱ्याच बायका उशिरा दवाखान्यात पोचतात, म्हणून आधी केमो आणि मग ऑपरेशन असा क्रम नेहमी दिसतो. केमोनं गाठ विरघळली की घरात पेढे वाटले जातात आणि रेडिएशनही गेलं असं सगळे धरून चालतात. पण रेडिएशनचा निर्णय घेताना केमोच्या आधीची अवस्थाही बघतात. केमोनंतर काखेतल्या गाठी पूर्ण साफ झाल्या तर रेडिएशन वगळता येतं का, हे अमेरिकेतल्या एनएसएबीपी बी-५१ या चाचणीनं तपासलं. पाच वर्षांच्या निकालात रेडिएशन घेतलेल्यांना वेगळा फायदा दिसला नाही. मात्र त्या चाचणीत रोग फार पसरलेल्या बायका नव्हत्या. तुमची केस त्यात बसते का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांनाच विचारा. केमो सुरू होण्यापूर्वीचे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सीचे कागद वेगळ्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. वर्षभरानं तेच कागद लागतात आणि तेच सापडत नाहीत.

केमो आधी झाली नसेल आणि चित्र अस्पष्ट असेल तर सर्जनना विचारा: काखेतली सेंटिनेल गाठ (कॅन्सर पसरताना पहिल्यांदा जिथे पोचतो ती) आधी काढून तपासता येईल का? हे छोटं ऑपरेशन आधी झालं तर मोठ्या ऑपरेशनच्या दिवशी अंदाजावर चालावं लागत नाही.

रेडिएशन नव्या स्तनाला काय करतं

इंदूरमध्ये आजूबाजूचे लोक रेडिएशनला सिकाई, म्हणजे शेक, म्हणतात, त्यामुळे ते सौम्य काहीतरी वाटतं. किरण कॅन्सरच्या पेशी मारतात, आणि त्याबरोबर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्याही आकसवतात. कातडी जाड, ताठ होते, जखम भरायला वेळ लागतो. हा परिणाम रेडिएशन संपल्यावर थांबत नाही, पुढे महिनोन् महिने हळूहळू वाढतो.

इम्प्लांट बसवला की शरीर त्याभोवती पातळ आवरण तयार करतं. ते सगळ्यांच्याच शरीरात होतं. रेडिएशननंतर मात्र हे आवरण आवळत जाण्याची शक्यता बरीच वाढते. डॉक्टर त्याला बेकर श्रेणीनं मोजतात. पहिल्या श्रेणीत स्तन मऊ असतो, चौथ्या श्रेणीत तो कडक, वेडावाकडा आणि दुखरा होतो. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१८ साली आले, रेडिएशन झालेल्या बायकांपैकी इम्प्लांटवाल्यांत दोन वर्षांत १८.७ टक्के पुनर्रचना फसल्या, म्हणजे इम्प्लांट काढावा लागला. स्वतःच्या मांसानं केलेल्या पुनर्रचनेत हे प्रमाण १ टक्का होतं. छोट्यामोठ्या कुठल्याही गुंतागुंतीचा हिशेब धरला तर इम्प्लांट ३८.९ टक्के आणि स्वतःचं मांस २५.६ टक्के.

या आकड्यांची दुसरी बाजूही वाचा. रेडिएशन होऊनही पाचातल्या चार जणींचा इम्प्लांट दोन वर्षांनी टिकून होता. म्हणून 'रेडिएशन असेल तर इम्प्लांट नाहीच' असं कुणी ठासून सांगितलं तर कारण विचारा. आणि 'काही होत नाही हो' असं सांगितलं, तरीही विचारा.

चार वाटा

पहिली वाट म्हणजे आधी सगळे उपचार संपवायचे आणि पुनर्रचना नंतर करायची. स्तन काढला, केमो झाली, रेडिएशन झालं, कातडी शांत झाली, मग पोटाच्या किंवा पाठीच्या मांसानं नवा स्तन. रेडिएशननंतर किमान सहा महिने थांबायला सांगतात, बरेच सर्जन वर्षापर्यंत थांबतात. रेडिएशन नक्की लागणार असेल आणि रोग पुढच्या अवस्थेतला असेल तर माझ्या मते ही वाट सर्वांत बिनघोर. किंमत एकच: वर्ष-दीड वर्ष एका बाजूनं सपाट राहायचं.

दुसरी वाट एक्स्पांडरची. स्तन काढतानाच आत रिकामी पिशवी ठेवतात आणि नंतर तिच्यात थोडं थोडं सलाइन भरत कातडी ताणतात. टाके भरले की दोन-तीन आठवड्यांनी भरणं सुरू होतं. डॉक्टर एक छोटं लोहचुंबक छातीवरून फिरवतात. पिशवीचं तोंड जिथे असेल तिथे ते थबकतं, तिथे पेनानं खूण करतात, आणि बारीक सुईतून एका वेळी साधारण ५० ते १०० मिलिलिटर सलाइन आत जातं. सुई फारशी कळत नाही, कारण तिथली कातडी बधिर असते. संध्याकाळी मात्र छाती आवळते, दोन मापं लहान ब्लाउज घातल्यासारखी. दोन दिवसांत ते सुटतं. असं दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, केमो चालू असतानाही.

या वाटेवर दोन गोष्टी आधी पक्क्या करा. एक, सलाइन भरणं रेडिएशनच्या प्लॅनिंग सीटी स्कॅनच्या आधी पुरं झालं पाहिजे. स्कॅननंतर पिशवीचा आकार बदलला तर किरणांचं सगळं गणित बदलतं. कधी उलटंही होतं: किरणांचा कोन नीट मिळावा म्हणून डॉक्टर पिशवीतलं थोडं सलाइन काढायला सांगतात. दोन, पिशवी काढून पक्का इम्प्लांट कधी बसवणार? काही केंद्रं केमोनंतर महिनाभरानं, रेडिएशनच्या आधीच बदलतात. काही एक्स्पांडरवरच रेडिएशन देतात आणि मग सहा महिने थांबून बदलतात, कारण त्याआधी घाई केली तर फसण्याचं प्रमाण वाढतं. दोन्ही पद्धती मान्य आहेत. तुमच्या सर्जनची आणि रेडिएशनच्या डॉक्टरची पद्धत एकच आहे ना, एवढं बघा. आणखी एक: पुष्कळ एक्स्पांडरमध्ये चुंबक असतं, त्यामुळे ते आत असेपर्यंत एमआरआय करता येत नाही. हे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

एक्स्पांडरचा एक फायदा लोक विसरतात. तो ठेवून पॅथॉलॉजीच्या रिपोर्टची वाट बघता येते. रिपोर्टमध्ये रेडिएशन नको आलं तर पुढची पुनर्रचना लवकर उरकता येते. लागलं तर कातडीची जागा राखलेली असते आणि रेडिएशननंतर पोटाचं मांस वापरता येतं. रेडिएशनचं उत्तर खरोखर अर्धवट असलेल्या बाईला ही मधली वाट छान जुळते.

तिसरी वाट: स्तन काढतानाच पोटाच्या मांसानं पुनर्रचना आणि नंतर त्यावर रेडिएशन. पूर्वी याला सरसकट नकार मिळायचा, कारण किरणांनी ते मांस आकसतं, आत चरबीच्या कडक गुठळ्या होतात. आता काही केंद्रं विचारपूर्वक करतात. अट एकच. जखमेत गडबड झाली म्हणून केमो किंवा रेडिएशन पुढे ढकललं जाता कामा नये.

चौथी वाट नवी आहे: आधी रेडिएशन, दोन ते सहा आठवड्यांनी एकाच ऑपरेशनमध्ये स्तन काढणं आणि पोटाच्या मांसानं पुनर्रचना. इंग्लंडमध्ये प्राडा नावाच्या छोट्या चाचणीत ३३ बायकांवर हे करून बघितलं, निकाल २०२२ साली छापले. आशादायक आहे, पण अजून रोजच्या वापरातलं नाही.

कॅलेंडर मांडून बघा

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पेन्सिलनं लिहा. समजा ऑपरेशन जूनच्या मध्यात झालं आणि केमो नंतर घ्यायची आहे. केमो जुलैच्या मध्यात सुरू होईल, पाच महिने धरले तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालेल. शेवटच्या डोसनंतर तीन-चार आठवडे थांबून जानेवारीत रेडिएशन. पूर्वी ते पाच आठवडे चालायचं, २५ वेळा. आता अनेक ठिकाणी १५ वेळा, म्हणजे तीन आठवड्यांत, एकूण ४० ग्रे (ग्रे हे किरणांचं माप) देतात. पुनर्रचना झालेल्या छातीवर हा छोटा कार्यक्रम चालेल का, हा प्रश्न बरीच वर्षं लटकला होता. अमेरिकेतल्या आरटी-चार्म चाचणीत १६ वेळा दिलेल्या छोट्या रेडिएशननं पुनर्रचनेतल्या गुंतागुंती वाढल्या नाहीत असं दिसलं. म्हणून 'किती वेळा देणार?' हे विचारायला लाजू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रेडिएशन संपलं तर पुढचं पुनर्रचनेचं ऑपरेशन ऑगस्टच्या आधी नाही. गणपती घरी बसणार असतील तर सरळ दिवाळीनंतरची तारीख मागा, त्यानं काही बिघडत नाही.

बिघडतं ते उलट्या बाजूनं. पुनर्रचनेसाठी केमो आणि रेडिएशन पुढे सरकवायचं नाही. ऑपरेशननंतरची केमो शक्यतो चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावी, आणि केमो नसेल तर रेडिएशन साधारण दोन महिन्यांच्या आत. पुनर्रचनेला मुदत नसते. पाच वर्षांनी करा, दहा वर्षांनी करा.

इंदूर की मुंबई, हे आधी ठरवा

आपल्याकडे अवंतिका एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईला पोचता येतं, आणि परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव प्रत्येक घरात ठाऊक आहे. पण कुठला टप्पा कुठे घ्यायचा याचा विचार कमी होतो. पोटाच्या मांसाचं ऑपरेशन मोठं असतं, सहा-आठ तास चालतं. त्यात स्नायू जागेवर ठेवून फक्त कातडी, चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या घेतल्या तर त्याला डीप फ्लॅप म्हणतात (फ्लॅप म्हणजे असं उचलून दुसरीकडे बसवलेलं मांस). सूक्ष्मदर्शकाखाली त्या रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना जोडतात, पहिले दोन-तीन दिवस तासातासाला फ्लॅपचा रंग आणि ऊब तपासतात. यासाठी सवयीची टीम लागते. असं ऑपरेशन एकदाच असतं, त्यासाठी बाहेरगावी जाणं परवडतं. एक्स्पांडरचं तसं नाही. दर आठवड्याला सलाइन भरायला रात्रीची गाडी पकडणं कुणालाच झेपत नाही, आणि रात्री ताप भरला, छाती लाल झाली तर बघणारा सर्जन गावातच हवा. रेडिएशनही रोजचं, शनिवार-रविवार सोडून, तेही घराजवळच बरं. शहरात सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, खासगी केंद्रंही आहेत. तेव्हा एक्स्पांडरची वाट असेल तर सर्व इंदुरात, आणि नंतरच्या फ्लॅपची वाट असेल तर केमो-रेडिएशन इथे आणि ते एक ऑपरेशन हवं तर बाहेर, असा मेळ घाला.

स्तन काढणारे सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर या तिघांची गाठ ऑपरेशनच्या आधी पडली पाहिजे. एका टेबलावर बसले तर उत्तमच. नाहीतर एका कागदावर तिघांचं मत लिहून घ्या. बहुतेक घोळ असा होतो: सर्जन म्हणतात नंतर बघू, प्लास्टिक सर्जनकडे कुणी पाठवत नाही, आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना पेशंट पहिल्यांदा दिसते ती टाके काढल्यावर. विचारायचं ते असं: 'मला रेडिएशन लागण्याची शक्यता किती? ते नक्की कधी कळेल? तुम्ही एक्स्पांडरवर रेडिएशन देता का? माझ्या पोटाचं मांस पुरेल का? फसलं तर पुढे काय?' शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर कसं उत्तर देतात, त्यावरून बरंच कळतं.

पैशाचं

मेडिक्लेमवाले पुष्कळदा 'हे कॉस्मेटिक आहे' म्हणून हात वर करतात. ऐकून घेऊ नका. विमा नियामकानं ठरवलेल्या प्रमाणित वगळण्यांमध्ये, Excl08 या कलमात, कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली आहे. पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला त्यातच अपवाद दिलेला आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून 'कॅन्सरसाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना' असं स्पष्ट लिहून घ्या आणि मंजुरी आधीच मागा. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं. केमो आणि रेडिएशन एकाच वर्षात आलं तर त्यातला मोठा भाग तिथेच संपू शकतो. म्हणून पुनर्रचना कोणत्या पॅकेजखाली बसते आणि पुढच्या वर्षाच्या रकमेत घेता येईल का, हे हॉस्पिटलमधल्या आयुष्मान मित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारा.

शरीराची तयारी

तंबाखू बंद. सिगारेट ओढणाऱ्या बायका आपल्याकडे कमी, पण मिश्री, गुटखा आणि पानातली तंबाखू हे ओपीडीत कुणी सांगत नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅप त्यांच्यावरच जगतो. किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद, नंतरही. सासूबाई समोर असतील तर डॉक्टरांना एकटीनं भेटून सांगा, पण सांगा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परतू नये म्हणून देतात ती हार्मोन रोखणारी गोळी) चालू असेल तर फ्लॅपच्या ऑपरेशनआधी काही आठवडे थांबवायची का, हे विचारा, कारण तिनं रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. स्वतःहून मात्र बंद करू नका. सिझेरियनचा आडवा व्रण असला तरी पोटाचं मांस बहुधा वापरता येतं. टमी टक (सुटलेलं पोट कापून सपाट करण्याचं ऑपरेशन) झालेलं असेल तर नाही.

खांद्याचा व्यायाम कंटाळवाणा असतो, पण सोडू नका. रेडिएशनच्या टेबलावर हात डोक्यावर घेऊन न हलता पडायचं असतं. खांदा अडकला असेल तर प्लॅनिंगच अडतं.

रेडिएशन चालू असताना

छातीवर काढलेल्या मापाच्या खुणा पुसू नका. सैल सुती ब्लाउज, आत ब्रा नको. उटणं, हळद, सुवासिक पावडर, घरगुती लेप, काही लावायचं नाही. फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम. मंगळसूत्र आणि गळ्यातली साखळी मशीनवर जाण्यापूर्वी उतरवावी लागते, तेव्हा रोज हॉस्पिटलच्या लॉकरशी झटण्यापेक्षा तेवढे दिवस घरीच ठेवा. फेब्रुवारीत रेडिएशन संपलं तर रंगपंचमीची राजवाड्यावरची गेर यंदा गच्चीतूनच बघायची. नाजूक कातडीवर रंग आणि उन्ह दोन्ही नकोत. इंदूरचा मे महिना तर पदराखाली छाती झाकूनच काढायचा.

मधल्या वर्षात

पुनर्रचना लांबणीवर पडली, किंवा करायचीच नाही असं ठरलं, तर जखम भरल्यावर सहा-आठ आठवड्यांनी ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा स्तन वापरता येतो. रेडिएशन चालू असताना मात्र तो नको, कापूस भरलेला हलका कापडी चालतो. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना जावेनं विचारलं होतं, 'आता या वयात कशाला?' त्या म्हणाल्या, 'पदर घसरतो गं एका बाजूनं, रोज किती पिना लावू?' साठीच्या बाईला पुनर्रचना हवी असू शकते आणि पस्तिशीच्या बाईला नको असू शकते. घरातल्या पुरुषांनी, आणि बायकांनीही, यात मत देण्याआधी ज्या बाईचं शरीर आहे तिला विचारावं.

नंतर

इम्प्लांट बसवला असेल तर त्याचं कार्ड, कंपनी, बॅच नंबर फाइलमध्ये हवं. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एक दुर्मीळ लिंफोमा जोडला गेल्यानं २०१९ साली एका कंपनीनं ते जगभरातून मागे घेतले. म्हणून गुळगुळीत की खरबरीत, हे विचारून घ्या. स्तनाग्र तयार करणं किंवा टॅटू हे शेवटी, आकार बसल्यावर तीन-चार महिन्यांनी. खळगे उरले तर पोटामांडीची चरबी भरून सारखे करता येतात, कधी दोन खेपा लागतात. नव्या स्तनाची मॅमोग्राफी सहसा लागत नाही, दुसऱ्या बाजूची मात्र दर वर्षी करायची. ताप, अचानक लाली, पू, ड्रेनमधून (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून) एकदम वाढलेलं पाणी, फ्लॅपचा रंग निळसर किंवा पांढरा पडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलला फोन करा. त्यासाठी डिस्चार्जच्या वेळी वॉर्डचा नंबर आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांचं नाव लिहून घ्या, फक्त ओपीडीचा नंबर पुरत नाही.